वेचणारीची बी

हरिश्चंद्र पेटी वाजवायचा ती कला होती आणि दर्शना साडी घ्यायची ते नखरे होते. हा निवाडा रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कुणी आणि कधी दिला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो पक्का होता. हरिश्चंद्राच्या भजनी मंडळासाठी चार पांढरे झब्बे शिवले गेले, अठरा हजारांची पेटी आली, ती जमिनीवर ठेवली तर तिला ओल लागते म्हणून तिच्यापुरतं टेबल आलं, आणि शेजारीपाजारी कौतुकाने म्हणाले, माणूस गुणी हो. दर्शनाने वर्षाकाठी एक हातमागाची साडी घेतली की मात्र हाच गुणी माणूस मान हलवून म्हणायचा, "अगो, साड्या काय थोड्या आहेत तुझ्याकडे?" आणि हे तो इतक्या मायेने म्हणायचा की भांडायलासुद्धा जागा उरायची नाही.

साड्या थोड्या नव्हत्याच. लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेल्या, अंगाला चिकटणाऱ्या, पहिल्या पाण्यात रंग सोडणाऱ्या तीसएक साड्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून होत्या. एका घरातून आल्या तशा त्या दुसऱ्या घरी आहेर म्हणून निघून जायच्या. त्यांना दर्शना साड्या म्हणत नसे. तिच्या साड्या अकरा. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या मलमलीत गुंडाळलेल्या. वर्षाला एक, आणि प्रत्येक वेगळ्या गावच्या मागावरची. त्या ती स्वतः धुवायची, भाताच्या पेजेची खळ द्यायची, सावलीत वाळवायची आणि किंचित ओली असतानाच इस्त्री फिरवायची. संध्याकाळी त्यातली एक नेसून मांडवीच्या जेटीवर जायचं, अर्धा तास वाऱ्यावर बसायचं आणि परत यायचं. एवढीच तिची चैन. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर नवऱ्याकडे तिने कधी हात पसरला नाही. हरिश्चंद्र कारकून, घराचा हप्ता चालू, मुलगी शमिका दहावीत. हे तिला कळत होतं. म्हणून आपल्या हौसेचे पैसे आपणच शोधायचे असं तिने ठरवलं होतं. रद्दी विकून पाहिली, ते पैसे दुधाच्या बिलात गेले. भाजीच्या पिशव्या घेऊन एस्टी स्टँडपासून मांडवीपर्यंत चालत आली आणि वाचलेलं रिक्षाभाडं डब्यात टाकत गेली, तर तो डबा शमिकाच्या सहलीला उघडला गेला. शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करून दिलं, तर पैसे हातात पडायला आणि गॅसचा सिलिंडर संपायला एकच गाठ पडायची. तिच्या पैशाला त्या घरात पाय फुटायचे, आणि ते पाय बरोबर घरखर्चाची वाट धरायचे.

फक्त एका पैशाला पाय फुटत नसत. तो होता बीचा पैसा.

हरिश्चंद्राचं गाव राजापूरच्या पुढे, कातळावर. तिथे उतारावर घरची चाळीसेक काजूची झाडं होती. गावी धाकटा भाऊ बाळा, त्याची बायको मालन आणि सासूबाई चिमा. दर्शना लग्न होऊन आली त्याच वर्षी चिमाने तिला झाडांखाली नेलं आणि घरचा कायदा सांगितला. "झाडावरची बी घराची. खाली पडलेली वेचणारीची. पन झाडाला हात लावायचा नाय."

पिकलेलं बोंड आपसूक गळतं आणि त्याच्या टोकाला बी असते. ती पिळून काढायची, वाळवायची, साठवायची. शमिका शाळेत जायला लागल्यापासून गेली अकरा वर्षं फाल्गुन ते वैशाख दर शनिवारी पहिल्या एस्टीने दर्शना गावी जायची. वरच्या अंगाची झाडं तिची, विहिरीकडची मालनची. उन्हात कंबर मोडेपर्यंत वाकायचं, पाचोळ्यात हात घालून एकेक बी शोधायची, बीच्या तेलाने बोटांची सालं निघायची. पण अकरा वर्षांत तिने एकदाही फांदी हलवली नाही. एकदा तर एक बोंड देठाच्या शेवटच्या धाग्यावर नाकासमोर लोंबत होतं. ही बाई अर्धा तास त्याच्याखाली बसून राहिली, भाकरी खाऊन झाली, एस्टीची वेळ झाली म्हणून उठून गेली. ते बोंड ती गेल्यावर पडलं, असं मालनने फोनवर सांगितलं होतं.

बी बाळा विकायचा. सगळी एकत्र नेली की व्यापारी भाव बरा देतो म्हणून. मग दर्शनाचे तिला आणि मालनचे मालनला. अकरा वर्षं हे सुरळीत चाललं आणि बारावं वर्ष उजाडलं.

एप्रिलच्या एका गुरुवारी दर्शना रत्नागिरीतल्याच एका मंगल कार्यालयात भरलेल्या हातमागाच्या प्रदर्शनाला गेली. दर वर्षी जायची. चाळीस दुकानं पालथी घालायची, शंभर पदर हातावर घ्यायचे आणि एकच निवडायचा. या वर्षी कर्नाटकातून आलेल्या एका बाईकडे इरकल होतं. डाळिंबी अंग, काठ काळसर, आणि पदरावर देवळाच्या शिखरांसारख्या पांढऱ्या लाल टोपांची ओळ. दर्शनाने ते उलटं करून पाहिलं, धागा नखाने तपासला, नाकाला लावून वास घेतला. किंमत चार हजार सहाशे. घासाघीस केली, पण त्या बाईने हसून सांगितलं, "ताई, तुम्हाला माल कळतो. तुम्हीच सांगा, कमी कसे करू?" दर्शनाने फॉल-पिकोचे पाचशे रुपये इसार म्हणून दिले. बाईने साडी कागदात गुंडाळून वर तिच्या नावाची चिठ्ठी लावली आणि म्हणाली, "रविवारी रात्री नऊला आम्ही सगळं आवरतो. त्याच्या आत या. नंतर मी थांबू शकत नाही."

बीचे पैसे बाळाकडे तयारच होते. गेल्याच आठवड्यात सात शनिवारांची बी राजापूरला गेली होती. शुक्रवारी तिने बाळाला फोन लावला, तर तो घाईघाईने म्हणाला, "वैनी, दादाला इचारा," आणि त्याने फोन ठेवला.

हरिश्चंद्र पेटीवर बसला होता. रविवारी गावच्या देवळात त्याच्या मंडळाचं भजन होतं, त्याची तयारी.

"बाळा भावोजींनी बीचे पैसे तुमच्याकडे दिलेत का?" दर्शनाने विचारलं.

भाता थांबला. "दिले असं नाही," हरिश्चंद्र म्हणाला. "अगो, तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. देवळाच्या सभामंडपात दोन पंखे हवे होते. भजनाला बसलं की घामाने पेटीवरची बोटं घसरतात. प्रत्येक घराने काहीतरी द्यायचं ठरलं. आता पावसाच्या तोंडावर घरातले पैसे काढायचे कुठून? तर बाळा म्हणाला, बायकांचे बीचे पैसे आहेतच मोकळे."

"मोकळे?"

"म्हणजे कशाला लावलेले नव्हते ना."

सात शनिवार, पहाटेची एस्टी, गुडघे, कंबर, बोटांची निघालेली सालं. हे सगळं मोकळं. घराच्या हप्त्याचे पैसे मोकळे नसतात, खताचे नसतात, पेटीचे तर मुळीच नसतात. बाईने स्वतःसाठी चार पैसे बाजूला ठेवले की तेवढेच काय ते मोकळे, कुणीही यावं आणि दावं धरून न्यावं. तिला इतका राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"देवाच्या कामाला कसलं विचारायचं? पुण्य तुलाच लागलं की."

"मग पंख्यावर नाव कुणाचं घातलंय?"

हरिश्चंद्राने उगाचच एक पट्टी दाबली. पेटी बारीक आवाजात कण्हली. "नाव काय, घराचंच," तो म्हणाला.

शनिवारी दर्शना नेहमीच्या एस्टीने गावी उतरली ती आधी देवळात गेली. सभामंडपात दोन नवे पंखे लागले होते. तिने बटण दाबायच्या आधी मान वर करून नीट वाचलं. तिन्ही पात्यांवर लाल रंगात लिहिलं होतं, श्री. हरिश्चंद्र धाकू आणि बंधू यांजकडून सप्रेम भेट. पंखा फिरायला लागला की हे नाव दिसणार नव्हतं, पण त्याचीही काळजी कुणीतरी घेतली होती, कारण तोच मजकूर खाली भिंतीवर पाटीत पुन्हा होता. दुसऱ्या पंख्यावरही तेच. एक पंखा तिच्या बीचा, एक मालनच्या. त्यातल्या एका अक्षरालाही दोघींच्या नावाचा वास नव्हता.

दारात मोठी पितळी घंटा होती. ती सासऱ्यांनी दिलेली. तिच्या कडेवर कोरलं होतं, धाकू बाबाजी यांजकडून अर्पण. या घंटेचा घरात फार अभिमान. दर्शना सून म्हणून पहिल्यांदा देवळात आली तेव्हा देवाच्या आधी तिला घंटा दाखवली होती. तिने ती आज वाजवली नाही. ती तरातरा घरी निघाली.

बाळा ओटीवर चहा पीत होता. तिला पाहून त्याने बशी खाली ठेवली.

"भावोजी, माझे बीचे पैसे द्या."

"वैनी, ते आता पंक्यात गेले. देवाकडं काय माघारी मागायचे?"

"देवाकडे नाही मागत. त्याने नेले नाहीत. तुमच्याकडे मागतेय."

"माज्याकडं कुठचे?"

"घरच्या बीतले द्या. ती तर चांगली चार गोणी गेली."

"घरच्या बीला काय थोड्या वाटा हायत?" बाळा समजुतीच्या सुरात म्हणाला. "खत हाय, कौलं हायत, राखणदार हाय. तुमचं काय, तुमी साडीच घेनार ना?"

या "साडीच"वर दर्शनाच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. पण बाळाने तोवर गाडीला किक मारली. राजापुरात कुणालातरी भेटायचं होतं म्हणाला. पैशाची गोष्ट निघाली की त्याला राजापुरात हमखास कुणीतरी भेटायचं असतं.

मागच्या दारी मालन मासळी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मला सांगितलंनीत ते पंके लागल्यावर," ती खाली मान घालून म्हणाली. "मी दोन पंजाबी डिरेस शिवनार होते, ताई. जल्मात घातला नाय. मे महिन्यात मुंबईला भावाकडं जायचं हाय, तिथं कोन वळखतंय, म्हटलं तिथं घालीन." एवढं बोलून ती परत बांगडे साफ करायला लागली. दर्शनाला मघापेक्षाही जास्त राग आला. स्वतःचा राग माणूस एक वेळ गिळतं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईने परक्या शहरात लपून पंजाबी ड्रेस घालायचं ठरवावं आणि तेही हिरावून घेतलं जावं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

पिशवी घेऊन ती उताराकडे गेली. वरच्या अंगाच्या झाडांखाली कालपासून पडलेली बी होती ती सारी मिळून दोन ओंजळी. दीडशे रुपयांची असेल नसेल. रविवारी रात्री नऊला ती कर्नाटकातली बाई नावाची चिठ्ठी फाडणार आणि डाळिंबी इरकल दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत जाणार. दर्शनाने वर पाहिलं. झाड पिवळ्या, तांबड्या बोंडांनी लगडलेलं होतं. ती सगळी घराची. घर म्हणजे कोण, हा प्रश्न बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला पडला.

मग तिने पिशवी खाली टाकली, पदर खोचला, हाताला येईल ती फांदी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली.

टपटप, टपटप बोंडं पडली. डोक्यावर, खांद्यावर, पाचोळ्यात. पाठोपाठ तिने दुसरी फांदी धरली. ती हलवताना दर्शना मोठ्याने बोलत होती. "हे घ्या मोकळे. हे पण मोकळे. हे पंख्याचं पातं." मागून धावत आलेली मालन तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "ताई, झाड हलवलंत?" ती म्हणाली, जणू दर्शनाने देवळात चपला घातल्या होत्या.

आणि तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून चिमा आली.

चिमाच्या ऐंशीला दोन वर्षं कमी होती, पण ती काठी टेकत नसे. आज तिच्या हातात काठी होती. दर्शनाने फांदी सोडली. कायदा हिचा, मोडला आपण, आणि तोही हिच्या डोळ्यांदेखत. आता काय बोलणी बसतील ती बसोत, असं म्हणून ती उभी राहिली.

चिमाने खाली पडलेल्या बोंडांकडे पाहिलं. मग हातातली काठी पुढे केली. ती काठी नव्हती. टोकाला आकडा बांधलेली लांब आकडी होती, झाडावरची फळं काढायची.

"हातानं खालच्याच पडतील," चिमा म्हणाली. "शेंड्याला बग किती हायत."

दर्शनाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आई, झाडाला हात लावायचा नाही ना?"

"मग हात कशाला लावतेस? आकडी लाव." चिमा एका धोंड्यावर बसली आणि तिने पाय लांब केले. मालनला खूण करून तिलाही जवळ बसवलं. "ती देवळातली घंटा बगितलीस?"

"सासऱ्यांची?"

"ह्यांचं नाव हाय तिच्यावर. बी माजी हाय." चिमाचा आवाज चढला नाही. "हरी पाच वर्सांचा होता. चार वर्सं मी बी येचली, बरनीत पैशे ठेवले. राजापुरात दुकानात एक हिरवं इरकल लुगडं बगून ठेवलेलं. दुकानदार म्हनला, चिमाबाय, तुजं हे, कुनाला देत नाय. आनि एक दिस ह्ये घंटा घेऊन आले. सगळा गाव म्हनला, काय दानत, काय दानत. मी चुलीशी पेज ढवळत होते."

मालनने हळूच विचारलं, "मग तुमी काय केलंत?"

"आठ दिस जेवान केलं, पन वाडलं नाय. पानं मांडून ठेवली रिकामी. ह्ये नवव्या दिसाला म्हनले, बाय गो, काय पायजे ते सांग. मी म्हटलं, लुगडं गेलं ते गेलं. पन आजपासनं खाली पडलेली बी येचणारीची, त्याला घरानं हात लावायचा नाय. त्यांनी देवळात जाऊन, त्याच घंटेखाली उभं ऱ्हाऊन शबूद दिला. तवापासनं ह्यो कायदा हाय. दुकानातलं लुगडं तवर इकून गेलेलं." तिने दर्शनाकडे पाहिलं. "मला वाचाया येत नाय. पन घंटा वाजली की मला दर येळी कळतं ती कुनाची हाय ते. माज्या पोरांना त्येवडंबी कळलं नाय. पंके लावलेनी."

दर्शनाने आकडी उचलली.

त्या दिवशी वारा असा नव्हताच. उतारावरचं पान हलत नव्हतं, आणि चाळीस झाडांखाली बोंडांचा सडा पडत होता. दर्शना आकडीने शेंडे झोडपत होती, मालन वेचत होती आणि चिमा धोंड्यावर बसून बोंडापासून बी पिळून वेगळी करत होती, तिच्या वयाच्या मानाने फारच वेगाने. जेवायलाही कुणी घरी गेलं नाही. मालनने निवडलेले बांगडे मांजरांनी खाल्ले आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. ऊन कलताना दोन अर्ध्या गोण्या भरल्या. तिघींचे तळवे बीच्या तेलाने काळे पडले होते.

बाळा परत आला तो ओरडत उताराने खाली आला. झाडांची लक्तरं लांबूनच दिसली होती त्याला. "कुनी पाडली? अर्धी हिरवी पडली वरची. पुढच्या आठवड्यात व्यापारी येनार होता. कुनी पाडली ही बी?"

दर्शना पुढे झाली. पण चिमाने बसल्या जागेवरून हात आडवा केला.

"खाली पडलेली हाय," चिमा म्हणाली.

"आये, पाडलेली हाय ही. डोळ्यांनी दिसतंय मला."

"कशी पडली ते कायद्यात नाय. खाली पडलेली येचणारीची. तुज्या बापाचा शबूद हाय, देवळातला. तुला मोडायचा असल तर मोड. आदी ती घंटा उतरव, इकून ये आनि माजं हिरवं लुगडं आन. मग झाडावरची आनि खालची सगळी तुजी."

बाळाने आईकडे पाहिलं, मग गोण्यांकडे, मग मालनकडे. मालन रोज त्याची नजर आली की मान खाली घालायची. आज तिने घातली नाही. लुगड्याचं काय ते त्याला माहीत नव्हतं, पण विचारायची त्याची छाती झाली नाही.

"उद्या सकाळी ह्या गोनी गाडीवरनं राजापूरला ने," चिमा उठता उठता म्हणाली. "वैनी बरोबर येईल. पैशे तिच्या हातात पडूं देत."

रविवारी ओल्या बीला भाव थोडा कमी मिळाला, पण मिळाला. मालनचा वाटा तिच्या हातात पोचता करून दर्शना पुढच्या एस्टीने रत्नागिरीला आली आणि घरी न जाता थेट प्रदर्शनात गेली. कर्नाटकातल्या बाईने तिचे काळे हात पाहिले आणि काही न विचारता कागद सोडला. डाळिंबी अंग, टोपांचा पदर. दर्शनाने पैसे मोजून दिले. हातात उरलेल्या शेवटच्या पाचशेच्या नोटेकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"नऊवारी आहे का इरकलात?" तिने विचारलं. "हिरवं."

हरिश्चंद्र भजन आटोपून नुकताच घरी आला होता. पंख्याखाली बोटं घसरली नाहीत म्हणून तो खुशीत होता. बाळाने त्याला झाडांचं सांगितलं असणार, कारण पिशवी पाहिल्यावर त्याने आवाज जरा जपूनच काढला. "अगो, पैसे कुठून आले?"

"पडले होते. वेचले." दर्शनाने चप्पल काढली नव्हती. "माझी साडी मी आणली. आईंचं हिरवं लुगडं तिथे बाजूला ठेवून आलेय, पाचशे देऊन. सत्तावीसशे बाकी आहेत. नऊपर्यंत थांबणार आहे ती बाई. चला, ते तुम्ही आणायचं."

"आईचं कसलं लुगडं?"

"घंटेच्या बदल्यातलं. रस्त्याने सांगते."

"पण माझ्याकडे आता पैसे कुठचे?"

दर्शनाने पेटीच्या टेबलाकडे पाहिलं. पेटीचे सूर लावून घ्यायला कोल्हापूरहून माणूस बोलवायचा होता, त्याचे तीन हजार टेबलाच्या खणात पाकिटात ठेवलेले होते. हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

"खणात आहेत ते," ती म्हणाली. "मोकळेच आहेत ना."

हरिश्चंद्राला त्या शब्दाची ओळख पटली. त्याने खण उघडला, पाकीट घेतलं आणि सदरा न बदलता चपला शोधायला लागला. घड्याळात आठ वाजून गेले होते, आणि दर्शना दार उघडून उभी होती.